गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (२७ जुलै, इ.स. १९३८ - ४ मार्च, इ.स. २००८) हे अमेरिकन खेळरचनाकार, लेखक आणि प्रकाशक होते. डेव्ह आर्नसन यांच्यासह त्यांनी इ.स. १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या साहाय्याने काल्पनिक पात्रांच्या भूमिका वठवण्याच्या खेळप्रकाराचा आरंभ या खेळापासून मानला जातो. अदृश्य होणे, अग्निगोळा फेकणे, पाण्यावरून चालणे अशा लोककथांतील चमत्कारांना मोजमाप, मुदत आणि मर्यादा घालून देणारी नियमपुस्तके ही त्यांच्या लेखनाची मुख्य ओळख होय.

बालपण आणि शिक्षण

गायगॅक्स यांचा जन्म अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहरात झाला. त्यांचे वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडमधून अमेरिकेत आले होते. ते एके काळी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये व्हायोलिन वाजवत. पुढे कपड्यांच्या विक्रीच्या व्यवसायात ते स्थिरावले. मुलाचे पहिले नाव वडिलांच्या नावावरून ठेवले गेले, तर गॅरी हे मधले नाव चित्रपट अभिनेते गॅरी कूपर यांच्यावरून आले. घरात आणि मित्रांत हेच मधले नाव रूढ झाले.

इ.स. १९४६ मध्ये, गॅरी आठ वर्षांचे असताना, वस्तीतील मुलांच्या दोन टोळ्यांत मोठी मारामारी झाली. मुलाला या वातावरणातून दूर न्यावे या विचाराने कुटुंबाने शिकागो सोडले आणि विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी बिऱ्हाड हलवले. हे त्यांच्या आईचे माहेर होते. सरोवराकाठचे हे गाव पुढे गायगॅक्स यांची कर्मभूमी ठरले. काही काळाचे अपवाद वगळता त्यांचे सारे आयुष्य तेथेच गेले.

पत्ते आणि बुद्धिबळ हे खेळ ते लहानपणीच शिकले. त्याच काळात स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या अद्भुतकथांच्या मासिकांची गोडी त्यांना लागली. रॉबर्ट ई. हॉवर्ड, एडगर राइस बरोज, एच. पी. लव्हक्राफ्ट, फ्रिट्झ लायबर आणि जॅक व्हान्स हे त्यांचे आवडते लेखक होते. शाळेच्या अभ्यासात मात्र त्यांचे मन रमले नाही. इ.स. १९५६ मध्ये वडिलांचे निधन झाल्यानंतर त्यांनी माध्यमिक शिक्षण अर्धवट सोडले आणि नौसैनिकांच्या मरीन दलात नाव नोंदवले. तेथेही फुप्फुसाच्या आजारामुळे त्यांना लवकरच वैद्यकीय कारणास्तव परत पाठवण्यात आले.

विमा कार्यालय आणि युद्धखेळ

सैन्यातून परतल्यावर गायगॅक्स यांनी शिकागो येथील एका विमा कंपनीत माल रवाना करणाऱ्या कारकुनाची नोकरी धरली. इ.स. १९५८ मध्ये मेरी जो पॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. पुढे फायरमन्स फंड या विमा कंपनीत जोखीम ठरवणारा अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. कोणत्या धोक्याची शक्यता किती आणि तिची किंमत किती, हे कोष्टकांवरून ठरवणे हा त्या कामाचा गाभा होता. त्यांच्या खेळपुस्तकांतील कोष्टकांची रेलचेल पाहता या अनुभवाची आठवण होते.

याच सुमारास ॲव्हलॉन हिल या कंपनीचा गेटिसबर्ग हा युद्धखेळ त्यांच्या हाती आला. अमेरिकन यादवी युद्धातील एक लढाई पटावर पुन्हा लढण्याची मुभा या खेळात होती. गायगॅक्स यांना या छंदाने झपाटले. शिशाचे छोटे सैनिक, वाळूने भरलेले टेबल आणि पट्टीने मोजलेली अंतरे यांत त्यांच्या संध्याकाळी जाऊ लागल्या. इ.स. १९६७ मध्ये त्यांनी काही मित्रांसह इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ वॉरगेमिंग ही छांदिष्टांची संघटना उभी केली. इ.स. १९६८ मध्ये त्यांनी लेक जिनिव्हा येथील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन युद्धखेळप्रेमींचा मेळावा भरवला. जेन कॉन या नावाने तो मेळावा पुढे दरवर्षी भरू लागला आणि आज तो अमेरिकेतील टेबलखेळांच्या सर्वांत मोठ्या मेळाव्यांपैकी एक आहे.

इ.स. १९७० मध्ये विमा कंपनीतील नोकरी गेली. पाच मुलांचा संसार चालवण्यासाठी गायगॅक्स यांनी घरच्या घरी बूटदुरुस्तीचे काम सुरू केले. मिळकत तुटपुंजी होती. पण लेखनासाठी वेळ मिळत होता. इ.स. १९७१ मध्ये त्यांनी जेफ पेरेन यांच्यासह चेनमेल हे मध्ययुगीन युद्धखेळाचे नियमपुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शेवटी जोडलेल्या पुरवणीत जादूगार, वीर, राक्षस आणि ड्रॅगन यांचे नियम होते. युद्धखेळातील तोफेचा मारा ज्या रीतीने मोजला जाई, त्याच रीतीने येथे जादूगाराचा अग्निगोळा मोजला गेला. जादू हा लहरीचा विषय न ठेवता तिला अंतर, व्याप्ती आणि परिणाम देण्याची ही पद्धत त्यांच्या पुढील सर्व लेखनात कायम राहिली.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचा जन्म

डेव्ह आर्नसन हे मिनेसोटा राज्यातील तरुण युद्धखेळप्रेमी होते. गायगॅक्स यांच्याशी त्यांची भेट इ.स. १९६९ च्या मेळाव्यात झाली. आर्नसन यांच्या मंडळातील डेव्हिड वेसली यांनी ब्राउनस्टाइन नावाचा एक प्रयोग केला होता. त्यात प्रत्येक खेळाडू सैन्यतुकडीऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका घेत असे. आर्नसन यांनी ही कल्पना पुढे नेऊन ब्लॅकमूर नावाचे काल्पनिक राज्य रचले. खेळाडू तेथील किल्ल्याखालच्या भुयारांत शिरत, राक्षसांशी लढत, खजिना मिळवत आणि प्रत्येक बैठकीगणिक त्यांच्या पात्रांचा अनुभव व सामर्थ्य वाढत असे. लढाईसाठी आरंभी त्यांनी चेनमेलचे नियम वापरले होते.

इ.स. १९७२ च्या अखेरीस आर्नसन यांनी लेक जिनिव्हा येथे येऊन हा खेळ गायगॅक्स यांना दाखवला. गायगॅक्स यांना त्याचे महत्त्व तत्काळ जाणवले. त्यांनी ग्रेहॉक नावाचा स्वतःचा किल्ला व त्याखालील भुयारे रचली. त्या भुयारांत उतरणारे पहिले खेळाडू त्यांची मुले अर्नी आणि एलिस ही होती. आर्नसन यांनी पाठवलेली टिपणे आणि स्वतःच्या प्रयोगांतील अनुभव यांच्या आधारे गायगॅक्स यांनी नियमांचे हस्तलिखित तयार केले.

प्रस्थापित प्रकाशकांनी या विचित्र खेळात रस दाखवला नाही. खेळात पट नव्हता, विजेता नव्हता आणि शेवटही नव्हता. तेव्हा ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स व त्यांचे बालमित्र डॉन के यांनी प्रत्येकी १,००० डॉलर घालून टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजेच टीएसआर, ही भागीदारी संस्था स्थापन केली. छपाईसाठी पैसे अपुरे पडत असल्याने ब्रायन ब्लूम यांना तिसरे भागीदार म्हणून घेण्यात आले. जानेवारी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सची पहिली आवृत्ती बाजारात आली. लाकडी दिसणाऱ्या खोक्यात तीन छोट्या तपकिरी पुस्तिका होत्या आणि किंमत १० डॉलर होती. १,००० प्रतींची ती आवृत्ती हातांनी जुळवून खोक्यांत भरण्यात आली आणि वर्षभरात ती संपली.

नियमांतील जादू: पाण्यावरून चालण्याचे उदाहरण

गायगॅक्स यांची लेखनपद्धती समजून घेण्यासाठी पाण्यावरून चालण्याच्या जादूचे उदाहरण उपयुक्त ठरते. हा चमत्कार अनेक धर्मांच्या आणि देशांच्या कथांत आढळतो. कथेत त्याचे कारण सांगावे लागत नाही. श्रोता श्रद्धेने वा कौतुकाने तो स्वीकारतो. खेळात मात्र खेळाडू लगेच प्रश्न विचारतात. पाण्यावर चालता येते, तर चिखलावर का नाही? पाठीवर सहकाऱ्याला घेतले तर? पाऊलखुणा उमटतील का? खेळाच्या सूत्रधाराला, म्हणजे डंजन मास्टरला, त्याच क्षणी उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर पुढच्या वेळीही तेच असावे लागते.

इ.स. १९७४ च्या पुस्तिकेत ही जादू एका अंगठीच्या रूपाने आली होती. इ.स. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइड या ग्रंथात गायगॅक्स यांनी त्या अंगठीचे सविस्तर वर्णन केले. अंगठी घालणाऱ्याला पाणी, तेल, चिखल, दलदलीची वाळू आणि बर्फाचा थर अशा कोणत्याही द्रवरूप वा भुसभुशीत पृष्ठावरून न बुडता चालता येते. त्याचा वेग जमिनीवर असतो तेवढाच राहतो. त्याचे पाय पृष्ठभागाला प्रत्यक्ष स्पर्श करत नाहीत. तरीही घट्ट होत असलेल्या चिखलात किंवा बसलेल्या बर्फात वजनाच्या दर १०० पौंडांमागे सुमारे दीड इंच खोल लंबगोल खळगे उमटतात. म्हणजे ही जादू वापरणाऱ्याचा माग काढणे शक्य राहते. अंगठी जास्तीत जास्त १,२०० पौंड, म्हणजे सुमारे ५४४ किलोग्रॅम वजन पेलते. या एका आकड्याने सामानाचा, चिलखताचा आणि खांद्यावरच्या जखमी सोबत्याचाही प्रश्न सुटतो.

इ.स. १९८५ च्या अनअर्थ्ड आर्केना या ग्रंथात हीच शक्ती धर्मोपासक पात्रांसाठी तिसऱ्या पायरीचा मंत्र म्हणून देण्यात आली. अंगठी एकाच्याच बोटात असते. मंत्र मात्र पुरेसा अनुभवी उपासक अनेक सोबत्यांवर घालू शकतो. पण मंत्राला मुदत असते. सरोवराच्या मध्यावर मुदत संपली किंवा शत्रूने जादू उतरवणारा मंत्र टाकला, तर जड चिलखत घातलेला योद्धा पाण्यात पडतो. चमत्काराला अशी मुदत असल्यामुळेच खेळाडूंना नियोजन करावे लागते आणि खेळात धोका शिल्लक राहतो. उड्डाणाच्या किंवा पाण्याखाली श्वास घेण्याच्या मंत्रांपासून हा मंत्र वेगळा ठरतो तोही याच मर्यादांमुळे: तो घेतलेल्या पात्राला वर उडता येत नाही आणि पाण्यात खोल उतरताही येत नाही.

मंत्रांच्या वापरावरही बंधन होते. जॅक व्हान्स यांच्या कथांत जादूगार मंत्र पाठ करतो आणि तो उच्चारताच स्मरणातून पुसला जातो. ही कल्पना गायगॅक्स यांनी खेळात आणली. त्यामुळे पात्राला दिवसाच्या आरंभीच कोणते मंत्र बरोबर घ्यायचे ते ठरवावे लागे. नदी लागेल की नाही हे ठाऊक नसताना पाण्यावरून चालण्याचा मंत्र निवडणे म्हणजे त्याच पायरीच्या दुसऱ्या एखाद्या उपयुक्त मंत्रावर पाणी सोडणे होते.

गायगॅक्स यांच्या पश्चातही हा मंत्र टिकून आहे. इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीत तो एक तास टिकतो आणि दहा जणांपर्यंत लागू होतो. त्यासाठी बुचाचा तुकडा लागतो. पाण्याखाली असलेल्या व्यक्तीवर तो घातला, तर ती दर फेरीला ६० फूट या गतीने वर येते. तप्त लाव्हारसावरूनही त्याने चालता येते. मात्र लाव्हाची धग लागण्याचे टळत नाही. शब्द बदलले तरी नियमाची घडण जुनीच आहे.

यश आणि वाद

जानेवारी १९७५ मध्ये डॉन के यांचे अवघ्या छत्तिसाव्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा वाटा विकत घेण्याइतके पैसे गायगॅक्स यांच्यापाशी नव्हते. ब्लूम कुटुंबाने भांडवल पुरवले आणि नव्याने स्थापन झालेल्या टीएसआर हॉबीज या कंपनीतील बहुतांश समभाग त्या कुटुंबाकडे गेले. स्वतः उभारलेल्या संस्थेत गायगॅक्स अल्पमतात आले. या घटनेचे परिणाम दहा वर्षांनी दिसून आले.

तूर्त मात्र यश वेगाने येत होते. इ.स. १९७७ ते १९७९ या काळात मॉन्स्टर मॅन्युअल, प्लेयर्स हँडबुक आणि डंजन मास्टर्स गाइड हे तीन ग्रंथ प्रसिद्ध झाले. अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स या नावाने ओळखली जाणारी ही विस्तृत नियमावली मुख्यतः गायगॅक्स यांनी लिहिली होती. टूम ऑफ हॉरर्स आणि द कीप ऑन द बॉर्डरलँड्स ही त्यांची तयार साहसकथानकेही गाजली.

नव्या ग्रंथांवर आर्नसन यांचे नाव नव्हते. हा स्वतंत्र खेळ आहे, अशी कंपनीची भूमिका होती. मूळ कल्पनेचे श्रेय आणि मानधन आपल्याला मिळाले पाहिजे, असे आर्नसन यांचे म्हणणे होते. त्यांनी इ.स. १९७९ मध्ये न्यायालयात दाद मागितली आणि इ.स. १९८१ मध्ये तडजोड झाली. पात्राची भूमिका घेऊन भुयारात उतरण्याचा खेळ आर्नसन यांनी प्रत्यक्षात आणला, तर त्याला कोणालाही वाचून खेळता येईल असे लिखित रूप गायगॅक्स यांनी दिले, असे सामान्यतः मानले जाते. दोघांपैकी एकाचेही काम वगळले, तर हा खेळ आजच्या स्वरूपात उरत नाही.

दुसरा वाद धर्माशी निगडित होता. इ.स. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि त्याचा संबंध वृत्तपत्रांनी या खेळाशी जोडला. पुढे हा संबंध निराधार असल्याचे स्पष्ट झाले. पण संशय उरला. खेळातील मंत्र, राक्षस आणि सैतान यांमुळे मुले जादूटोण्याकडे वळतात, असा प्रचार काही ख्रिस्ती गटांनी व पालकांच्या संघटनांनी केला. गायगॅक्स स्वतः ख्रिस्ती होते. खेळातील मंत्र हे केवळ नियम आहेत, त्यांतून कोणालाही खरी जादू करता येत नाही, ही बाजू त्यांनी इ.स. १९८५ मध्ये सीबीएस वाहिनीच्या सिक्स्टी मिनिट्स या कार्यक्रमासह अनेक ठिकाणी मांडली. या काळात त्यांना धमक्याही आल्या. वादामुळे खेळाची विक्री घटण्याऐवजी वाढलीच.

कंपनीतून गच्छंती

इ.स. १९८३ मध्ये गायगॅक्स यांचा पहिला विवाह संपुष्टात आला. त्याच सुमारास कंपनीच्या चित्रपट व दूरचित्रवाणी विभागाचे काम पाहण्यासाठी ते कॅलिफोर्नियात गेले. तेथे खेळावर आधारित सचित्र मालिका तयार झाली आणि इ.स. १९८३ ते १९८५ या काळात ती सीबीएस वाहिनीवरून दाखवली गेली. ते दूर असताना कंपनी मात्र कर्जात बुडत चालली होती. परतल्यावर त्यांनी व्यवस्थापनात बदल घडवून आणला आणि काही महिने कंपनीची सूत्रे हाती घेतली. अनअर्थ्ड आर्केना या ग्रंथाच्या विक्रीनेही कंपनीला हातभार लावला.

कारभार सावरण्यासाठी गायगॅक्स यांनीच लॉरेन विल्यम्स यांना कंपनीत आणले होते. ब्लूम बंधूंनी आपले समभाग विल्यम्स यांना विकले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये गायगॅक्स यांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. ही विक्री रद्द ठरवण्यासाठी ते न्यायालयात गेले. पण निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. इ.स. १९८६ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. ग्रेहॉकचे जग आणि त्यातील बहुतेक पात्रांचे हक्क कंपनीकडेच राहिले.

उत्तरायुष्य आणि निधन

त्यानंतरही गायगॅक्स यांनी लेखन थांबवले नाही. इ.स. १९८७ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. या विवाहातून त्यांना एक मुलगा झाला. त्याच वर्षी त्यांचा सायबॉर्ग कमांडो हा नवा खेळ आला; परंतु त्याला यश लाभले नाही. इ.स. १९९२ च्या डेंजरस जर्नीज या खेळाविरुद्ध टीएसआरने दावा दाखल केला आणि तडजोडीअंती त्या खेळाचे हक्क टीएसआरकडे गेले. इ.स. १९९९ पासून त्यांचा लेजंडरी ॲडव्हेंचर हा खेळ प्रसिद्ध होऊ लागला. पूर्वीच्या ग्रंथांच्या तुलनेत त्याचे नियम सुटसुटीत होते.

इ.स. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने डबघाईस आलेली टीएसआर विकत घेतली. नव्या मालकांनी गायगॅक्स यांच्याशी संबंध पुन्हा जोडले. ड्रॅगन या मासिकात त्यांचे लेखन पुन्हा दिसू लागले. इ.स. २००० मध्ये फ्युचरामा या सचित्र मालिकेच्या एका भागात त्यांनी स्वतःच्याच पात्राला आवाज दिला. इ.स. २००४ मध्ये त्यांना पक्षाघाताचे झटके आले आणि पुढे महाधमनीचा विकारही जडला. तरीही प्रकृती साथ देईल तेव्हा ते लेक जिनिव्हा येथील आपल्या घराच्या ओसरीवर पाहुण्यांसाठी खेळ मांडत. ४ मार्च, इ.स. २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्याच गावी त्यांचे निधन झाले. आर्नसन यांचे निधन त्यानंतर सुमारे वर्षभराने, एप्रिल २००९ मध्ये झाले.

वारसा

पात्राचे गुण आकड्यांत मांडणे, अनुभवाने त्याची पायरी चढणे, मंत्रांना मुदत आणि मर्यादा असणे या गोष्टी आज संगणकावरील असंख्य खेळांत गृहीत धरल्या जातात. त्यांचा उगम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तिकांत आहे. गायगॅक्स यांच्या स्मरणार्थ इ.स. २००९ पासून लेक जिनिव्हा परिसरात गॅरी कॉन हा मेळावा भरतो.

गायगॅक्स यांची भाषा क्लिष्ट, जुन्या शब्दांनी भरलेली आणि नियमांची मांडणी काहीशी विस्कळीत होती, अशी टीका केली जाते. सूत्रधाराला त्यांनी दिलेल्या व्यापक अधिकाराविषयीही मतभेद आहेत. मात्र त्या अवघड पानांमुळे अनेक तरुण वाचक शब्दकोशाकडे, पुराणकथांकडे आणि मध्ययुगीन इतिहासाकडे वळले. माध्यमिक शिक्षण पूर्ण न करू शकलेल्या लेखकाच्या नियमपुस्तकांनी हे कार्य केले, ही त्यांच्या चरित्रातील उल्लेखनीय बाब आहे.